वांजेल मास्तरांची भूक

माणसाला दोन डोळे दिले, ते दोन्ही एकाच बाजूला का बसवले, ही वांजेल मास्तरांची जुनी तक्रार होती. एक डावीकडे आणि एक उजवीकडे असता, तर त्या मे महिन्यातले बारा दिवस त्यांना जरा तरी सुखाचे गेले असते. पण तक्रार करायची कुणाकडे? त्यांच्या देशात देव सोळा वर्षांपूर्वी कायद्याने बंद झाला होता. अल्बेनियात परदेशी वर्तमानपत्रं, खासगी मोटारी, दाढी आणि देव या गोष्टी बंद आहेत एवढं सगळ्यांना पाठ होतं. बाकीची यादी काहीतरी चुकल्यावर कळायची.

मास्तर कोर्चाच्या शाळेत फ्रेंच शिकवायचे. फ्रेंच येणारी माणसं देशात मोजकीच, त्यामुळे त्या भाषेतला कुणी पाहुणा यायचा झाला की राजधानीतून तार यायची, आणि मास्तर वर्ग अर्धवट टाकून, एकुलता एक सूट घालून निघायचे. या वेळचे पाहुणे बेल्जियमचे होते. लांबेर नावाचा लेखक आणि ओदील नावाची छायाचित्रकार. एका सचित्र मासिकासाठी दोघं मिळून या देशावर लिहिणार होते. वर्षाला अशी चार-दोन माणसंच आत सोडली जात, आणि ती कोण हे तीन-तीन कचेऱ्या मिळून ठरवत. या दोघांना कसं सोडलं, कोण जाणे. मास्तरांच्या मते तिन्ही कचेऱ्यांतली माणसं त्या दिवशी आजारी असणार.

लेखक सरहद्दीवर उतरला तो छातीपर्यंत दाढी घेऊन. चौकीवर न्हावी बसलेलाच असतो. त्याने पाच मिनिटांत ती उतरवली, तेव्हापासून लांबेर आपली गुळगुळीत हनुवटी चाचपत, कुणीतरी खिसा कापल्यासारखा चेहरा करून बसला होता. त्याला भेटेल त्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा असे, "तुम्ही सुखी आहात का?" मास्तर तो प्रश्न भाषांतरित करत, समोरचा शेतकरी त्यांच्याकडे बघून घाम पुसत असे, आणि मग गेल्या वर्षी सहकारी शेतावर किती क्विंटल मका झाला ते सांगत असे. लांबेर तेही लिहून घ्यायचा. त्याच्या वहीला अंत नव्हता.

बाई त्याहून भारी. काँक्रीटच्या बंकरांचे फोटो काढायचे नाहीत, पुलांचे नाहीत, सैनिकांचे नाहीत, बैलगाडीचे नाहीत, दुधाच्या रांगेचे नाहीत, ठिगळ लावलेल्या माणसाचे नाहीत. हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं.

"मग उरलं काय?" ओदीलने विचारलं.

"पुतळे."

"चौदा काढले. चौदाही जण एकच हात वर करून उभे आहेत."

"धरण आहे. कापड गिरणी आहे."

"मिस्टर वांजेल, तुम्ही कधी कापड गिरणीचा फोटो भिंतीवर लावला आहे का?"

मास्तरांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर खरोखरच कापड गिरणीचं कॅलेंडर होतं.

गाडी थांबली रे थांबली की लेखक डावीकडे जायचा आणि बाई उजवीकडे. एकाच्या मागे धावावं तर दुसरी ठिगळवाल्या म्हातारीसमोर गुडघे टेकून बसलेली. त्यात ते दोघं आपसात भांडायचे. "तुला बोलायला तास लागतो, तोवर माझा उजेड जातो," असं ती म्हणायची. "तू समोर आलीस की माणसं तोंड बंद करतात," असं तो. मास्तरांना दोघांचंही पटायचं, आणि दोघांनाही एकाच गोणीत घालून सरहद्दीपलीकडे नेऊन ओतावं असं वाटायचं.

पण ओरडायची सोय नव्हती. रोज संध्याकाळी मास्तरांना पाहुण्यांविषयी अहवाल लिहावा लागे, आणि गाडीचा ड्रायव्हर रेफात पाहुण्यांसकट मास्तरांविषयी लिहीत असे. रेफात जाडजूड, मितभाषी, शिट्टी वाजवणारा गडी. त्याच्या शिट्टीवरून त्याच्या मनात काय आहे ते कळत नसे, म्हणून मास्तर त्याला फार जपून होते.

आणि या वर्षी जपायला कारणही होतं. मास्तरांची मुलगी वाल्बोना जूनमध्ये शाळा संपवणार होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. मुलगी वर्गात पहिली होती, पण पहिलं असून काय उपयोग? कॉलेजात कुणी जायचं हे मोहल्ल्याची समिती ठरवे, आणि ती मार्कांच्या आधी घराण्याचा कागद बघे. आजोबा कोण होते, मामा कुठे पळाला, कुणाचं शेत होतं, सगळं त्या कागदावर. मास्तरांच्या कागदावर एकच डाग होता, पण भला मोठा. त्यांच्या आईचे वडील, पापा सोतीर, पाद्री होते. तो डाग धुऊन काढण्यासाठी मास्तर वीस वर्षं प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसले होते, प्रत्येक संचलनात फलक धरून चालले होते, आणि प्रत्येक फ्रेंच पाहुण्याच्या मागे कुत्र्यासारखे धावले होते. यादी ऑगस्टमध्ये लागायची. तोवर एकही चूक परवडणार नव्हती.

नवव्या दिवशी, सोमवारी, ते दक्षिणेकडून डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याने कोर्चाकडे निघाले. तिथे पाहुण्यांना हॉटेलात टाकून मास्तर रात्री आपल्या घरी झोपणार होते. त्या आशेवर ते सकाळपासून गोड बोलत होते. अकराच्या सुमाराला गाडीच्या पोटात काहीतरी फटकन वाजलं आणि इंजिनाच्या टोपणाखालून वाफ आली.

"पंख्याचा पट्टा," रेफात शिट्टी थांबवून म्हणाला. "बाईंना विचारा, पायमोजे आहेत का. लांब, पातळ. बांधून वेळ मारून नेता येते."

मास्तरांनी कान लाल करून विचारलं. बाईंकडे पायमोजे नव्हते. बाई पॅंट घालत. मास्तरांना त्या पॅंटचा पहिल्या दिवसापासून राग होता, आता त्याला कारण मिळालं. शेवटी एर्सेका गावाकडे जाणाऱ्या एका ट्रकवाल्याला निरोप दिला. पट्टा घेऊन तो परत येईपर्यंत तीन तास तरी लागणार होते.

रस्त्याच्या वरच्या अंगाला पाच-सहा दगडी घरं होती. माणसं शेतावर गेलेली. सगळ्यात खालच्या घराच्या ओट्यावर काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी उभी राहून बघत होती. मास्तरांनी मुद्दाम तिच्याकडे पाठ केली, कारण पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. ते तसंच झालं. पाच मिनिटांत म्हातारी चपला ओढत खाली आली.

"पाहुणे आहेत?"

"हो, आजी. सरकारी पाहुणे."

"मग रस्त्यावर का बसवलेत? घर दिसत नाही?"

"घरात न्यायची परवानगी नाही, आजी."

"कुणाची? घर माझं आहे. पोलिक्सेनीचं घर म्हणतात याला. माझ्या दारापुढून पाहुणा कोरड्या तोंडाने गेला असं आजवर झालेलं नाही. नवरा मेला त्या दिवशीसुद्धा दोघे जण जेवून गेले."

"आजी, परदेशी आहेत. नियम आहे."

"नियमात लिहिलंय का, की पाहुण्याला धोंड्यासारखं कडेला ठेवावं?" म्हातारीने मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चांगल्या घरचा दिसतोस. लाज नाही वाटत?"

लाज वाटत होती, हीच तर अडचण होती. पाहुण्याला दारातून परतवणं म्हणजे काय हे मास्तरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या आईने घरात एकच अंडं असताना ते पाहुण्याला घालून पोरांना कांदा-पाव दिला होता. पण परदेशी माणूस खासगी घरात गेला की त्या घराचं आणि त्याला नेणाऱ्याचं काय होतं, हेही शिकवायची गरज नव्हती. मास्तरांनी कपाळ चोळलं. मग त्यांना एक युक्ती सुचली आणि ती इतकी आवडली की नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांना हसू आलं.

"आजी, टेबल आहे का?"

"आहे."

"मग ते इथे आणू. रस्ता सरकारचा. पाहुणे सरकारचे. कुणी कुणाच्या घरात गेलं नाही."

म्हातारीने दोन क्षण विचार केला. "शिकलेला आहेस," ती म्हणाली.

रेफात आणि मास्तरांनी मिळून टेबल खाली आणलं आणि डांबरी रस्त्याच्या बरोबर कडेला मांडलं. पाठोपाठ चार खुर्च्या आल्या, इस्त्री केलेला पांढरा कपडा आला, कॉफीचे इवलेसे कप आले, राकीची, घरच्या दारूची, बाटली आली, आणि बशीत एकेक हिरवा अख्खा अक्रोड, मुरवलेला. शेजारी पाण्याचे पेले. लांबेरने मुरंब्याचा पहिला चमचा तोंडात घातला आणि दाढी गेल्यापासून प्रथमच त्याचा चेहरा सैल पडला. एक मालमोटार आली, टेबलाला वळसा घालून गेली, चालकाने टोपी उचलली. मास्तरांनी राकीचा एक घोट घेतला. इतकं सगळं नियमात बसवलं म्हणून त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, आणि माणूस स्वतःवर खूश झाला की त्याची जीभ सैल सुटते.

"कुणाचा तू?" म्हातारीने सहज विचारलं. तिकडे ओळख नाव विचारून होत नाही, कुळ विचारून होते.

"कोर्चाचा. बालाउरी."

"आई कुठली?"

हा प्रश्न कचेरीत विचारला असता तर मास्तरांनी ठरलेलं, घोटून तयार केलेलं उत्तर दिलं असतं. पण इथे टेबलावर पांढरा कपडा होता, हातात राकी होती, आणि समोर आजीच्या वयाची बाई विचारत होती. अशा वेळी खोटं सांगणं कुणाच्याच हाडात नसतं. मास्तरांनी आईच्या गावाचं नाव सांगून टाकलं.

म्हातारी खुर्चीवरून अर्धी उठली. "पापा सोतीरची लेक? तू पापा सोतीरचा नातू? अरे लेकरा, माझं लग्न लावलंय त्यांनी!"

"हळू बोला, आजी!" मास्तरांनी गाडीकडे पाहिलं. रेफात टोपणात डोकं घालून शिट्टी वाजवत होता. त्याला ऐकू गेलं की नाही, ते शिट्टीवरून समजेना.

म्हातारी तडक घराकडे गेली. चालण्यात एकदम दहा वर्षं कमी झाल्यासारखी. पाहुणे काय झालं म्हणून विचारू लागले. मास्तर म्हणाले, "आजी जरा हवामानाबद्दल बोलत होत्या." त्या दिवशी कोणता सोमवार आहे ते त्यांच्या डोक्यात नव्हतंच. ते आठवायची सवय त्यांनी सोळा वर्षांपूर्वी निग्रहाने मोडली होती. म्हातारी परतली ती झग्याचा घोळ धरून. लेखकाजवळ आली, त्याचा हात उलटा केला आणि तळव्यावर एक अंडं ठेवलं.

कांद्याच्या सालीत उकळून रंगवलेलं, गडद लाल, तेल लावून चकचकीत केलेलं अंडं. ईस्टरचं अंडं. ईस्टरचा रविवार कालच झाला होता.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारीने हे दरवर्षी दार लावून, सालं मातीत पुरून केलं असणार. सुनेलाही सांगितलं नसेल. आणि आज पापा सोतीरचा नातू दारात आला म्हणून भर रस्त्यात, भर दुपारी काढून दिलं. एका लाल अंड्याला दहा वर्षं तुरुंग पडलेला माणूस मास्तरांच्या ओळखीचा होता.

"ओदील," लेखक हळूच म्हणाला, "हे बघ."

बाईने बघितलं. नऊ दिवस पुतळ्यांपुढे कंटाळलेल्या त्या बाईला तो रंग, तो तळवा आणि मागे काळ्या रुमालातला तो म्हातारा चेहरा एकदम दिसला. कॅमेरा डोळ्याला गेला. एक, दोन, तीन. म्हातारी लेन्सकडे बघून हसलीसुद्धा.

"नको!" मास्तर ओरडले. "बंद करा! बाई, बंद करा ते!"

चार, पाच. रेफातने टोपणातून डोकं बाहेर काढलं.

मग वांजेल मास्तरांनी जे केलं ते त्यांनी विचार करून केलं नव्हतं. लेखकाच्या तळव्यावरून अंडं उचललं, दोन झटक्यांत सोललं, सालं सुटाच्या खिशात कोंबली आणि अख्खं अंडं तोंडात घातलं. गाल फुगलेले असतानाच ते ओदीलच्या अंगावर धावले, गळ्यातला कॅमेरा हिसकला, मागचं झाकण उघडलं आणि फिल्म ओढून वीतभर, हातभर, वावभर उन्हात काढली.

ओदील किंचाळली. फ्रेंचमध्ये जेवढ्या शिव्या मास्तरांनी विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवल्या होत्या त्या सगळ्या तिने दिल्या, वर तीन नव्या दिल्या. मास्तरांना उत्तर देता येईना, कारण तोंडात अंडं होतं, तेही बिनमिठाचं, कोरडं. गिळता गिळेना. फिल्म हातात धरून ते गुदमरत उभे राहिले, आणि तेवढ्यात बाईने पिशवीतला दुसरा कॅमेरा काढून त्यांचाच एक फोटो ठोकला.

म्हातारीच्या चेहऱ्यावरचं हसू आता गेलं होतं. आपण काय केलं ते तिला कळलं. तिने मुकाट्याने कप गोळा केले. खुर्ची उचलताना ती मास्तरांच्या कानाशी फक्त एवढंच म्हणाली, "पाणी पी, लेकरा. घशात अडकेल."

लेखक रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसला आणि वही काढून, पेन जोराने पुढेमागे करत बसला. मास्तरांना ते दिसत होतं. लिही, त्यांनी मनात म्हटलं, माझं काय ते सगळं लिही बाबा, नाहीतरी आता उरलंय काय.

पट्टा आला. गाडी निघाली. कोर्चापर्यंत गाडीत चार माणसं चार दिशांना बघत बसली.

हॉटेलच्या दिवाणखान्यात मास्तर आणि रेफात अहवाल लिहायला शेजारी शेजारी बसले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. मास्तरांनी लिहिलं: पट्टा तुटला, सहकारी शेतावरच्या एका बाईने रस्त्यावर कॉफी दिली, पाहुणे कोणत्याही घरात गेले नाहीत, छायाचित्रकार बाईने एका अनवाणी माणसाचा फोटो काढला, म्हणून फिल्म नष्ट केली. पेन थांबलं. शेजारी रेफात पेन्सिल चोखत होता.

"कॉम्रेड वांजेल," तो म्हणाला, "तुम्ही आज काहीतरी खाल्लंत."

"हो. अंडं."

"पांढरं असेल."

मास्तरांनी त्याच्याकडे बघायचं धाडस केलं. रेफातचा चेहरा टायरसारखा गुळगुळीत होता.

"तुला कसं दिसलं?" मास्तरांनी विचारलं.

"मला रंग नीट कळत नाहीत. लहानपणापासून."

"आणि गाडी कशी चालवतोस?"

"या देशात सिग्नल आहेत कुठे?" रेफात म्हणाला आणि खाली मान घालून लिहू लागला. काय लिहिलं ते त्याने दाखवलं नाही, आणि मास्तरांनी विचारलं नाही.

घरी आल्यावर बायको ओलिंबीने दार उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या बोटांकडे पाहिलं. तेल लावलेला तो रंग घामाने दोन्ही हातांच्या बोटांवर उतरला होता. तीही कोर्चाचीच, तो रंग तिने लहानपणी आपल्या बोटांवर दरवर्षी पाहिला होता. तिने वाल्बोनाला पाणी आणायच्या निमित्ताने खाली पाठवलं, लिंबाची साल आणि राख घेतली आणि नवऱ्याची बोटं कातडी सोलेपर्यंत घासली. खिशातली सालं चुलीत गेली. "कुठे?" तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर तीन महिने मास्तरांचा जीव टांगणीला होता. दारावर टकटक झाली की हातातलं पुस्तक खाली पडे. वाल्बोना पहिली येऊन शाळा सुटली. समितीतली माणसं रस्त्यात भेटली की नमस्काराला उत्तर देतात की नाही हे मास्तर मोजत असत. दोनदा दिलं, एकदा नाही. ज्या दिवशी नाही त्या रात्री ते जेवले नाहीत. ओलिंबी म्हणाली, "अहो, त्याला ऐकू कमी येतं." पण अशा वेळी कुणाचं पटतं?

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना कचेरीत बोलावणं आलं. मास्तर आतून गरम बनियन घालून गेले. ऑगस्टमध्ये. परत येता आलं नाही तर असावं म्हणून.

अधिकाऱ्यापुढे ते सचित्र मासिक पडलेलं होतं. उघड्या पानभर मास्तरांचाच फोटो. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, मुठीत फिल्मचं गुंतवळ.

"तुमच्यावर लेख आलाय, कॉम्रेड. आमच्याकडे फ्रेंच नीट येणारं कुणी नाही. इथेच बसा आणि भाषांतर करून द्या. शब्दन् शब्द."

स्वतःचा पंचनामा स्वतःच्याच अक्षरात लिहायला बसलेला माणूस कसा दिसतो ते त्या दिवशी त्या खोलीच्या भिंतींनी पाहिलं. मास्तर ओळ वाचत, थुंकी गिळत आणि लिहीत. पुतळे आले, धरण आलं, दाढी आली. दाढीवर अर्धं पान होतं. मग तो प्रसंग आला. मास्तरांचा हात थांबला.

उत्तरेच्या डोंगरात, असं लांबेरने लिहिलं होतं, एका मेंढपाळाने आम्हाला रस्त्यात गाठलं. पंचाहत्तरीचा, मिशाळ, एकटाच. त्याच्याजवळ होता तो चीजचा एकुलता एक तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला. आमचा वाटाड्या, आंबट तोंडाचा आणि सरकारी सुटाचा, झेपावला आणि तो तुकडा हिसकून स्वतः गिळला.

मास्तरांनी तो परिच्छेद तीनदा वाचला. म्हातारी नाही. गाव नाही. दक्षिण नाही. अंड्याचं तर नावच नाही. दगडावर बसून पेन पुढेमागे करत होता तो लिहीत नव्हता, खोडत होता. सगळं समजलं होतं त्या गुळगुळीत हनुवटीच्या गाढवाला. त्याने सगळ्यांना झाकलं होतं, फक्त वांजेल मास्तरांना उघडं ठेवलं होतं. शत्रूच्या मासिकातल्या शिव्यांएवढं चांगलं प्रशस्तिपत्र या देशात दुसरं नाही, हेही त्याला नऊ दिवसांत कळलं होतं. इतकं कळत होतं तर आधी नऊ दिवस छळलं कशाला, असा संताप मास्तरांना आला आणि त्याच वेळी डोळे भरून आले. मान खाली घालून त्यांनी नाक शिंकरलं.

मग त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. लेखकाच्या शिव्या जरा मवाळ वाटल्या. "आंबट तोंडाचा" पुढे त्यांनी स्वतःच्या पदरचं "हावरट" घातलं, आणि थोडा विचार करून "पाषाणहृदयी"सुद्धा.

अधिकाऱ्याने कागद वाचला आणि मांडीवर थाप मारली. "बघा, कॉम्रेड! हे लोक तुम्हाला असे ओरबाडतायत म्हणजे तुम्ही कामात चोख. आणि खोटारडे किती? तुम्ही गेलात दक्षिणेला, हे लिहितायत उत्तर! ड्रायव्हरनेसुद्धा लिहिलंय, की तुम्ही पाहुण्यांशी कठोर वागलात." त्याने मासिक मिटलं. "तुमची मुलगी यंदा यादीत आहे ना? मी समितीला कळवतो."

वाल्बोनाचं नाव यादीत तिसरं होतं. वैद्यकीय, राजधानी. ओलिंबी रुमालात तोंड घालून रडली. वाल्बोना मात्र हसली नाही. तो लेख समितीत मोठ्याने वाचला गेला होता, मास्तरांची दक्षता म्हणून, आणि गावात घरोघर पोचला होता. फोटोसुद्धा हातोहात फिरला होता. काळ्या-पांढऱ्या कागदावर मास्तरांची बोटं मळल्यासारखी काळी दिसत होती.

त्या संध्याकाळी ती बापासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, हे खरं आहे? त्या म्हाताऱ्याने पाहुण्याला दिलेला घास तुम्ही हिसकावलात?"

मास्तरांनी ओलिंबीकडे पाहिलं. ओलिंबी परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले, पण मान वर आली नाही. पोरीला सांगायला किती लागलं असतं? चार वाक्यं. पण त्या चार वाक्यांचं ओझं घेऊन ती राजधानीत जाणार, वसतिगृहात आठ जणींत झोपणार, कधीतरी कुणाला तरी बोलणार. पोलिक्सेनीचं घर रस्त्याला लागूनच होतं.

"हो," मास्तर म्हणाले.

"का?"

"भूक लागली होती."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. ज्या घरात पाहुण्याच्या ताटाकडे नजरही टाकू नये असं त्यांनीच तिला शिकवलं होतं, त्या घरात ती उभी होती. मग ती आत निघून गेली.

सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी सकाळी सहाच्या बसला तिला सोडायला दोघं गेले. ओलिंबीने फडक्यात वाटेसाठी खाणं बांधलं होतं. पाव, चीज, तीन उकडलेली अंडी, पांढरी. वाल्बोनाने आईला मिठी मारली. बापाला मारली नाही. बसच्या पायरीवर चढल्यावर तिने फडकं सोडलं, एक अंडं काढलं आणि खाली वाकून त्यांच्या हातावर ठेवलं.

"घ्या, बाबा. तुम्हाला भूक लागते."

मास्तरांनी ते घेतलं. गाडी सुरू झाली. ओलिंबी हात हलवत म्हणाली, "मी सांगेन तिला कधीतरी. तुम्ही नका काळजी करू."

"नको," मास्तर म्हणाले. "आजी आहे तोवर नको."

बस वळणाआड गेली तरी ते तिथेच उभे होते. मग त्यांनी अंडं सुटाच्या खिशात ठेवलं, आणि आठची घंटा व्हायच्या आत शाळेत पोचण्यासाठी निघाले.